रंगाचा वाण राखताना

माझ्या पहिल्या टाकीत लाल, पिवळे आणि निळे असे तीन रंगांचे झिंगे एकत्र होते. दुकानात तसेच पाहिले होते, म्हणून घरीही तसेच सोडले. पाणी त्यांना मानवलं. माद्यांच्या पोटाखाली अंडी दिसली, पिल्लं झाली, त्या पिल्लांनाही पिल्लं झाली. दीड वर्षात टाकी भरून गेली आणि तिच्यात एकही धड लाल, धड पिवळा किंवा धड निळा झिंगा उरला नाही. होते ते ओल्या मातीच्या रंगाचे, अर्धपारदर्शक, दगडावर बसले की नजरेला न सापडणारे. मी पाणी तपासलं, खाणं बदललं, दिवा बदलला. यातल्या कशातच दोष नव्हता. पूर्व चीनमधल्या आणि तैवानमधल्या ओढ्यांत त्यांचे पूर्वज ज्या रंगात जगत आले, त्या रंगाला ती टाकी परत गेली होती.

हे पुस्तक त्या टाकीपासून सुरू झालं. गोड्या पाण्यातल्या शोभेच्या झिंग्यांचा रंग पिढ्यानपिढ्या एकसारखा कसा राखायचा, एवढाच त्याचा विषय. प्राणी दोन-तीन सेंटिमीटरचा, त्यामुळे विषयही लहान वाटेल. पण शेतकरी बियाण्यासाठी कणसं बाजूला काढतो तेव्हा त्याच्या डोक्यात जे चालतं, तेच इथे चालतं. फक्त ते आपल्या टेबलावर, काचेपलीकडे, काही महिन्यांच्या पिढ्यांत पाहायला मिळतं. मराठीत त्यासाठी आयता शब्द आहे, वाण. झिंगे विकत मिळतात, वाण मात्र राखावा लागतो.

नव्या वाचकासाठी आधी थोडी ओळख. बाजारात ज्यांना सरसकट ‘श्रिम्प’ म्हणतात, त्यांत पाळणाऱ्याच्या दृष्टीनं दोन मोठे गट पडतात. पहिला निओकॅरिडिना. चेरी, साकुरा, फायर रेड, ब्लू ड्रीम, यलो, रिली ही सगळी नावं एकाच जातीच्या, निओकॅरिडिना डेव्हिडीच्या, रंगवाणांची आहेत. बूव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानं १९०४ मध्ये तिचं वर्णन केलं. हा झिंगा काटक आहे. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन काढलं की बहुतेक ठिकाणी जगतो. दुसरा गट कॅरिडिना. हाँगकाँग आणि दक्षिण चीनमधल्या डोंगरी ओढ्यांतले बी झिंगे आणि टायगर झिंगे हे या गटातले. क्रिस्टल रेड आणि क्रिस्टल ब्लॅक हे बी झिंग्यांचेच वाण. त्यांना मऊ, किंचित आम्लधर्मी आणि थंडसर पाणी लागतं. त्यासाठी आरओचं पाणी घेऊन त्यात क्षार मोजून घालावे लागतात, टीडीएस मीटर हाताशी ठेवावा लागतो. या बी झिंग्यांच्या जातीला कॅरिडिना लोगेमानी हे स्वतःचं शास्त्रीय नाव मिळालं ते २०१४ मध्ये. तोवर शौकिनांनी तिचे वाण पाडले होते, दर्जे ठरवले होते. या विषयात हौस शास्त्राच्या पुढे धावत आली आहे आणि म्हणूनच त्यात अनुभवाचं धन पुष्कळ असलं तरी लिखित शिस्त कमी आहे.

हौसेखातर प्राण्यांचे वाण पाडणं जुनंच. चीनमध्ये सोंग राजवटीत, म्हणजे सुमारे हजार वर्षांमागे, तळ्यांतल्या करड्या माशांतून सोनेरी मासे वेगळे राखले गेले आणि गोल्डफिश घडला. जपानच्या नीगाता भागातल्या डोंगरी खेड्यांत लोक खाण्यासाठी कार्प पाळत. एकोणिसाव्या शतकात त्यांत रंगीत मासे निघाले, शेतकऱ्यांनी ते राखले, आणि तेच कोई मासे आज जगभर दिसतात. डार्विननं स्वतः कबुतरं पाळली, लंडनच्या कबूतरबाजांत ऊठबस केली, आणि १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ची सुरुवातच पाळीव प्राण्यांच्या निवडीपासून केली. झिंगा या रांगेत फार उशिरा आला.

त्याला ॲक्वेरियममध्ये मानाची जागा मिळवून दिली ताकाशी अमानो यांनी. तेही नीगाताचेच. पाणवनस्पतींच्या आपल्या टाक्यांत शेवाळ साफ ठेवण्यासाठी त्यांनी १९८० च्या दशकात एक मोठा, पारदर्शक झिंगा वापरायला सुरुवात केली. आज त्याला अमानो श्रिम्प म्हणतात. पण त्याचे रंगवाण निघाले नाहीत, आणि त्याचं कारण त्याच्या जीवनक्रमात आहे. त्याची मादी बारीक अंडी शेकड्यांनी, हजारांनी धरते. त्यांतून निघालेल्या अळ्या प्रवाहाबरोबर खाली वाहत जातात, खाऱ्या पाण्यात वाढतात आणि मग गोड्या पाण्याकडे परततात. घरच्या टाकीत हे साधायला फार खटाटोप पडतो. निओकॅरिडिनाची मादी मात्र वीस-तीस मोठी अंडी पोटाखाली धरते, पोहण्याच्या पायांनी त्यांच्यावरून सतत पाणी खेळवते, आणि तीन-चार आठवड्यांनी आईचीच छोटी प्रतिकृती असलेलं पिल्लू बाहेर येतं. अळीची अवस्था नाही, खारं पाणी नाही. दोन-तीन महिन्यांत ते पिल्लू स्वतः विणीला येतं. वर्षाला तीन पिढ्या सहज पाहायला मिळतात. खिलार गुरांच्या तीन पिढ्या पाहायच्या तर दहा-बारा वर्षं जातील.

आता या हौसेची मूळ कथा. जपानमध्ये हिसायासु सुझुकी काळे-पांढरे बी झिंगे पाळत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या असंख्य झिंग्यांत एक काळ्याऐवजी लाल निघाला. तो काळ्यांत मिसळला तर पिल्लं सगळी काळी. रंग हरवला, असं वाटावं अशी ही जागा. पण लाल रंग अप्रभावी होता, काळ्या पिल्लांच्या अंगात लपून होता. पुढच्या विणींत पुन्हा लाल झिंगे दिसले. सुझुकींनी ते वेगळे काढून एकमेकांत वाढवले, त्यांतले गडद निवडले, फिके बाजूला केले, आणि क्रिस्टल रेड उभा राहिला. शाळेत मेंडेलचे वाटाणे शिकलेल्या वाचकाला हा हिशेब ओळखीचा वाटेल. दोन्ही पालकांत लाल जनुक लपलेलं असेल, तर सरासरी चारांतलं एक पिल्लू लाल. लालाला लाल मिळाला, तर सगळी लाल. लाल पिल्लू नजरेस पडणं यात मला सुझुकींचं मोठेपण दिसत नाही, तो योग कुणालाही येऊ शकतो. पहिली वीण सगळी काळी निघूनही त्यांनी ती मोडीत काढली नाही, यात मला त्यांचं मोठेपण दिसतं. त्यांना पटलं होतं की दिसणारा रंग आणि असणारा रंग वेगळे असू शकतात.

तिथून तीन घराणी निघाली असं मी मानतो, आणि पुस्तकभर हाच शब्द वापरला आहे. जपानी घराण्याचा भर नक्षीवर आणि पांढऱ्याच्या दाटपणावर. क्रिस्टल रेडला सीपासून ट्रिपल एसपर्यंत दर्जे लागले. पाठीवरच्या लाल ठिपक्याला जपानी झेंड्यावरून हिनोमारू, रस्त्यावरच्या पाटीसारख्या नक्षीला नो एंट्री, आणि जवळजवळ पांढऱ्या अंगाला जपानी चित्रपटातल्या महाकाय पतंगावरून मोसुरा अशी नावं पडली. तैवानचं घराणं नव्या रंगाच्या मागे लागलं. किंग काँग, पांडा, वाइन रेड, ब्लू बोल्ट हे गडद, दाट रंगाचे झिंगे तिथून आले, आणि निओकॅरिडिनाचे लालपासून रिलीपर्यंतचे वाणही मुख्यतः तिथल्याच पैदास करणाऱ्यांच्या हातून घडले. जर्मन घराणं संकराचं. टायगर आणि बी यांच्या मिश्रणातून पट्ट्या-ठिपक्यांचे पिंटो झिंगे तिथे आकाराला आले.

शिकणाऱ्यानं कोणतं घराणं धरावं? माझं मत स्पष्ट आहे. आधी एक जात, एक रंग, आणि जपानी घराण्याची नजर. संकराचं आकर्षण मोठं असतं, पण ज्याला एक रंग पाच पिढ्या स्थिर ठेवता आला नाही, त्याच्या संकरातून काय निघालं हे त्यालाही सांगता येत नाही.

रंगाची खरी अडचण अशी की डोळ्यांना दिसतो तो सगळाच रंग रक्तातला नसतो. कोळंबी कढईत पडली की तांबूस होते, हे आपल्या स्वयंपाकघरात सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तो तांबडा रंग आधीपासून तिच्यात असतो. प्रथिनांशी बांधलेला असल्यामुळे दिसत नाही, उष्णतेनं प्रथिनं मोडली की उघडा पडतो. त्या द्रव्याचं नाव ॲस्टॅझँथिन. अशी रंगद्रव्यं कोळंबीवर्गातले प्राणी मुळापासून तयार करू शकत नाहीत. शेवाळ आणि इतर अन्नातून ती मिळतात, मग शरीर त्यांत बदल करतं. म्हणून उत्तम वाणाचा झिंगाही निकृष्ट खाण्यावर फिका पडतो. शिवाय रंगद्रव्यं ज्या पेशींत असतात त्यांत ती पसरतात आणि आकसतात, आणि ही हालचाल डोळ्यांच्या देठांतून सुटणाऱ्या संप्रेरकांच्या ताब्यात असते. काळ्या मातीवर ठेवलेला झिंगा गडद दिसतो. तोच पांढऱ्या वाळूवर ठेवा, काही वेळानं उतरलेला दिसेल. नुकताच प्रवास करून आलेला, घाबरलेला, कात टाकण्याच्या बेतात असलेला झिंगा यांपैकी कुणाचाही रंग त्या घडीला खरा मानू नये. निओकॅरिडिनात तर मादी जात्याच नरापेक्षा गडद असते.

यातून दोन नेहमीच्या चुका होतात. पहिली घाईची. पिल्लं महिन्याची नाहीत तोच फिकी म्हणून काढून टाकली जातात. वास्तविक पुष्कळ पिल्लांचा रंग वयात येताना भरतो. दुसरी चूक जास्त महाग पडते: सगळी निवड माद्यांची होते. गडद माद्या कौतुकानं राखल्या जातात आणि नर मात्र जे असतील ते, कारण फिका नर हे चालायचंच असा समज. पण पिल्लाचा अर्धा वारसा बापाकडून येतो. चार गडद माद्या मिळवणं सोपं आहे. एक खरोखर गडद नर मिळणं अवघड, आणि वाण उभा राहतो तो त्याच्यावर. माझ्या लाल वाणात तिसऱ्या पिढीपर्यंत काही केल्या सुधारणा दिसेना. नरांची निवड सुरू केली आणि पाचव्या पिढीत टाकीचा रंग पालटला.

माझी पहिली टाकी मातकट का झाली, तेही इथेच सांगतो. मूळ झिंग्याच्या रंगात अनेक जनुकांचा हात असतो. एका वाणात त्यांतलं एक बिघडलेलं असतं, दुसऱ्या वाणात दुसरंच. हे बिघाड बहुधा अप्रभावी असतात. दोघांचा संकर झाला की पिल्लाला प्रत्येक जनुकाची एक धडकी प्रत मिळते आणि मूळ मातकट रंग परत उभा राहतो. दिसायला सारख्या दोन रंगांतही हा धोका असतो. रिली वाणातल्या निळसर झाकेचे झिंगे निवडत गेल्यानं एक निळा आला, चॉकलेटी वाणातून दुसरा; दुकानात दोघांवर पाटी निळ्याचीच. लालही एक नाही. फायर रेडचा लाल कवचावर रंगाचा जाड थर दिल्यासारखा दिसतो, ब्लडी मेरीचा आत अंगात मुरलेला. वेगळ्या वाटेनं एका रंगाला पोचलेल्या दोन वाणांची सोयरीक करणाऱ्याला पुढच्या पिढ्यांत मातकट पिल्लं दिसली, तर त्यानं पाण्याला दोष देऊ नये.

म्हणून या पुस्तकाचं मुख्य म्हणणं असं आहे: झिंग्याची पारख त्याच्या अंगावरून करू नका, त्याच्या पिल्लांवरून करा. ज्या जोडीची पिल्लं पिढी दर पिढी एकसारखी निघतात, ती जोडी दिसायला थोडी उणी असली तरी वाणाची. जी मादी स्वतः झगझगीत आणि जिची वीण दहा रंगांची, ती शोभेला ठेवावी. हे कळायचं तर वही हवी. कोणती टाकी, कोणते पालक, पिल्लं कधी सुटली, किती, त्यांतली किती राखली, किती काढली आणि का. ज्याची नोंद नाही, त्याचा वाण नाही, असं मी नवशिक्यांना सांगतो. कठोर वाटलं तरी सांगतो.

एकसारखेपणाची किंमतही असते, आणि तिच्याविषयी आपल्या हौसेत पुरेसं बोललं जात नाही. क्रिस्टल रेड मोजक्याच झिंग्यांपासून वाढला, आणि जवळच्या नात्यात पुन्हा पुन्हा वीण झालेला हा वाण काळ्यांपेक्षा नाजूक मानला जातो. त्याच्यात अधूनमधून काळ्या बी झिंग्यांचं रक्त घालण्याची पद्धत त्यातूनच पडली. निओकॅरिडिनातही अतिनिवडीच्या वाणांत अंडी कमी धरणं, कात टाकताना मरणं, पिल्लं न तगणं असे अनुभव पाळणारे सांगतात. माझी शिस्त अशी की छाटणीत रंगाचा क्रम दुसरा. पहिला क्रम जोमाचा. जो झिंगा मंद आहे, वाढीत मागे आहे, तो कितीही लाल असला तरी पुढच्या पिढीचा पालक होत नाही. आणि एकच वाण दोन वेगळ्या टाक्यांत दोन शाखा करून वाढवावा, म्हणजे काही पिढ्यांनी रक्त बदलायला घरातच सोय राहते. छाटणी म्हणजे मारणं नव्हे हेही सांगून ठेवतो. काढलेल्या झिंग्यांना दुसरी टाकी द्यावी. माझ्या घरी ती मातकट टाकी अजून आहे आणि तिच्यातले झिंगे सगळ्यांत दणकट आहेत.

हे पुस्तक आत्ता का? एक कारण साधं आहे. आपल्याकडे हे झिंगे आता सहज मिळू लागले आहेत, कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या दुकानांत हौशी शाळकरी मुलं ते पिशवीतून नेताना दिसतात, पण पाळण्याविषयी मराठीत सलग असं वाचायला काही नाही. आपल्या परिस्थितीचे प्रश्नही वेगळे आहेत. दख्खनच्या बोअरवेलचं पाणी जड, कोकणातल्या जांभ्यातलं मऊ. परदेशी पुस्तकातली कृती दोन्हीकडे सारखी चालत नाही. वैशाखात पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो, आणि माझी एक अख्खी पिढी मे महिन्याच्या दोन दुपारींत गेली. उलट एक गोष्ट आपल्या दाराशी आहे: रस्त्याकडेच्या देशी बदामाची वाळलेली पानं, जी जगभरचे झिंगे पाळणारे पैसे मोजून मागवतात. पानं टाकीत कुजू लागली की त्यांवर जिवाणूंचा थर धरतो आणि पिल्लं त्यावर चरतात.

दुसरं कारण मोठं आहे. इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावरच्या माटानो सरोवरात कॅरिडिना डेनेर्ली नावाचा एक झिंगा राहतो, गर्द लाल अंगावर पांढरे ठिपके असलेला. या झिंग्याला माणसानं रंगवलेलं नाही, निसर्गानंच त्याला असा घडवला. शास्त्रानं त्याचं वर्णन २००९ मध्ये केलं. त्यानंतर काही वर्षांतच त्या सरोवरात कुणीतरी सोडलेले फ्लॉवरहॉर्न मासे फोफावले, आणि हा झिंगा तिथे अतिधोक्यात आला. फ्लॉवरहॉर्न हा ॲक्वेरियमच्या हौसेपोटी माणसानं संकर करून घडवलेला मासा आहे. म्हणजे एका हौसेनं घडवलेल्या प्राण्यानं सरोवरातलं रत्न संकटात आणलं, आणि तेच रत्न आज जगभर हौशी लोकांच्या टाक्यांत तगून आहे. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि वाण राखणाऱ्यानं दोन्ही लक्षात ठेवायला हव्यात. पाळलेला झिंगाही असाच परक्या पाण्यात पसरू शकतो. जर्मनीत ऱ्हाइनच्या खोऱ्यात गिलबाख नावाचा ओढा आहे. वीजकेंद्राच्या कोमट पाण्यामुळे तो हिवाळ्यातही थंड पडत नाही. तिथे निओकॅरिडिनानं बस्तान बसवल्याचं शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये नोंदवलं. आपले ओढे तर बारा महिने कोमट.

आता पुस्तकाविषयी थोडं. यात टाकी कशी मांडावी हे आहे, पण थोडक्यात. सगळा भर निवडीवर आहे: पालक कसे निवडावेत, पिल्लं कोणत्या वयात पाहावीत, कोणत्या उजेडात आणि कोणत्या तळावर पाहावीत, नोंदी कशा ठेवाव्यात, रक्त कधी बदलावं. उदाहरणांसाठी मी मुख्यतः लाल निओकॅरिडिना घेतला आहे, कारण तो स्वस्त आहे, काटक आहे, आणि त्याच्यावर शिकलेलं इतरत्र चालतं. कॅरिडिनाला स्वतंत्र जागा आहे. सुलावेसीच्या झिंग्यांची रंगनिवड मात्र मी मुद्दाम घेतलेली नाही. जे मूळ ठिकाणी संपत आहेत त्यांना आहेत तसेच राखावं, असं माझं मत आहे. बाजारभाव आणि नफा-तोट्याचे हिशेबही यात मिळणार नाहीत. जनुकांच्या प्रकरणात शाळेपुरत्या जीवशास्त्राच्या पलीकडे वाचकाकडून काही अपेक्षित नाही. पण ते प्रकरण वगळून पुढे जाऊ नका, अशी विनंती आहे.

आणखी एक विनंती. वाण राखायला लागलात की दर दोन महिन्यांनी जास्तीचे झिंगे निघतीलच. ते मित्राला द्या, शाळेच्या टाकीला द्या, दुकानात परत करा. विहिरीत, तळ्यात, गणपती विसर्जनाच्या घाटावर किंवा गावच्या ओढ्यात सोडू नका. सह्याद्रीच्या ओढ्यांत कॅरिडिना गटातले आपले स्वतःचे झिंगे आहेत, मातकट, दगडाखाली राहणारे, आणि त्यांतल्या कित्येकांकडे अजून कुणी नीट पाहिलेलंही नाही.